बटणांसमोर कोण बसणार?

२००७ साली कांदोळीला सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०२४ च्या डिसेंबरात आमच्या पेडणे तालुक्यात, धारगळला झाला. केवढा वाद झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढच्या वर्षी महोत्सव मुंबईला गेला आणि सगळे शांत झाले. पण हे इलेक्ट्रॉनिक संगीत आमच्या मुलींना तयार करता येईल का, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या तरी कानावर आला नाही.

गाण्यात आमच्या बायका मागे कधीच नव्हत्या. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. पेडणे-डिचोलीत महिलांची भजनी मंडळे आहेत, पेटीही त्या वाजवतात. मिक्सरवर मात्र बसतो तो साऊंडवाला, म्हणजे पुरुषच. ‘बाईमाणसाला वायरी कशाला?’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे शीर्षकसंगीत १९६३ साली डेलिया डर्बीशायर या बाईने टेपचे तुकडे जोडून घडवले. १९६८ मध्ये मूग सिंथेसायझरवर बाख वाजवून गाजलेल्या वेंडी कार्लोस या पारलिंगी स्त्री. आणि १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग आला, त्यावर रचना करणाऱ्यांत पखवाज शिकलेल्या गीता साराभाई होत्या. दशावतारात पुरुषाने लुगडे नेसलेले आपल्याला चालते, तर यंत्रासमोर बाई किंवा पारलिंगी व्यक्ती बसली म्हणून काय बिघडले?

आईबापांना भीती वाटते ती रात्रीच्या पार्ट्यांची आणि ड्रग्जची. ती खोटी नाही. पण हे संगीत तयार करायला पार्टी लागत नाही. संगणक, छोटा कीबोर्ड, हेडफोन आणि दोन तास निवांतपणा लागतो. एलएमएमएससारखे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. अडते ते निवांतपणापाशी आणि शिकवणाऱ्यापाशी. घरात संगणक असला तरी आधी भाऊ बसतो, आणि मुलीला स्वयंपाकघरातून हाक येते.

म्हणून साखळीच्या रवींद्र भवनात आणि विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात दुपारचा वर्ग सुरू करावा. शिकवायला शक्यतो बाई असावी, आणि मुलींना घरी जायला बस मिळेल अशा वेळी वर्ग सुटावा. चार संगणकांचा खर्च सरकारला जड नाही. पेटी आणि तबल्याचे वर्ग आपण चालवतोच, त्यात हा एक वाढवायचा.