घोकलेलं भाषण आणि रिकामा हंडा

एप्रिल आला की आपल्या वस्त्यावस्त्यांत भाषणांचं पीक येतं. पोरगं स्टुलावर चढतं, डोळे मिटतं आणि महाडचं भाषण एका दमात ओकून टाकतं. टाळ्या पडतात. वही-पेन मिळतं. पोरगं खाली उतरतं आणि पुढच्या एप्रिलपर्यंत मुकं होतं.

ह्याला आपण वक्तृत्व म्हणतो. मी म्हणतो, ही पोपटपंची आहे. राग येईल. येऊ द्या. मी स्वतः त्यातलाच पोपट होतो.

मी हिर्डोशीचा. भातगिरणीत पोती उचलतो. शाळा अर्ध्यात सुटली. बोलणं शिकलो ते गिरणीच्या घरघरीत. बाबासाहेबांची भाषणं मोठ्यानं वाचायची. यंत्राच्या वर आपला आवाज आपल्याला ऐकू आला की आवाज कमावला, असा हिशोब. सगळं पाठ झालं. छाती फुगली.

मग खोऱ्यातल्या एका ग्रामसभेत उभा राहिलो. आपल्या वस्तीच्या नळाचा प्रश्न होता. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही आमच्याकडं नुसती म्हण नाही. नीरा-देवघरचं पाणी डोळ्यांपुढं पसरलेलं असतं अन् बाया हंडे घेऊन चढ चढतात. मी चवदार तळ्यापासून सुरुवात केली. दहा मिनिटं बोललो. आवाज काय, हातवारे काय! सभा गप्प. मग साहेब शांतपणे म्हणाले, "छान बोललात. आता सांगा, घरं किती? अर्ज कधी दिला? ठराव कुठल्या सभेत झाला?"

माझी दातखीळ बसली. विषय पुढच्या सभेवर ढकलला. मागून एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, बाबासाह्येबांचं बोल्लास. आमचं कवा बोलनार?"

त्या रात्री महाड पुन्हा वाचलं. खरं तर पहिल्यांदाच वाचलं.

आमच्या खोऱ्यातून वरंध घाट उतरला की महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले ते नुसत्या आवेशावर नाही. मागं कागद होता. 1923 सालचा मुंबई कायदे कौन्सिलातला बोल्यांचा ठराव, मग 1924 सालचा महाड नगरपालिकेचा ठराव. हक्क कागदावर आलेला होता, फक्त ओंजळीत यायचा होता. 25 डिसेंबरला दुसरी परिषद भरली तेव्हा समोर कोर्टाची मनाई होती. तिथं बाबासाहेब 1789 सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा दाखला देतात. विद्वत्ता दाखवायला नव्हे. मंडपातल्या अडाणी माणसाला कळावं की आपण इथं घोटभर पाण्यासाठी जमलो नाही, समाजाची घडी बदलायला जमलोय. त्याच परिषदेच्या वेळी बायांपुढं बोलले तेव्हा बोलणं लुगड्याच्या नेसणीवर आलं. ऐकणारा बदलला, बोलणं बदललं. आणि तळ्याचा खटला? हायकोर्टाचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला. भाषण एका दिवसाचं, कज्जा दहा वर्षांचा. आपण तो एक दिवस घोकतो आणि दहा वर्षं विसरतो.

आता दुसरे गुरुजी येतात. ते म्हणतात, आवाज कमवायचा तर 'नटसम्राट'मधली स्वगतं घोका. आणि आधी 'पानी' सोडा, 'पाणी' म्हणा. मी विचारतो, ज्या बाईच्या दारात नळ नाही तिनं शुद्ध 'पाणी' म्हटलं तर हंडा भरतो काय? आम्ही 'पाणी'ही म्हणू, 'पानी'ही म्हणू. कोर्टात एक, वस्तीत एक. दोन्ही जिभा आमच्या. पण आईच्या जिभेची लाज वाटून जो बोलायला शिकला, तो आईसाठी बोलणार नाही.

नाटकच पाहिजे ना? मग जोतीरावांचं 'तृतीय रत्न' घ्या, 1855 सालचं. जोश्याचा गोड सूर काढा, त्याच्या जाळ्यात सापडणारा कुणबी करा आणि मधेच तोंड घालून बिंग फोडणारा विदूषक करा. तिन्ही आवाज एकाच्या गळ्यात आले पाहिजेत. शोषण करणारा कसा बोलतो हे ज्याला बोलून दाखवता येतं, त्याला तो फसवू शकत नाही. गज्वींचं 'घोटभर पाणी' घ्या. भीमराव कर्डकांच्या जलशाची वाट घ्या. आधी सत्यशोधकांनी, मग आपल्या लोकांनी तमाशाचा फड घेतला, त्यातली गौळण काढली आणि सवाल-जवाबात शाळा, सावकार, मेलेलं ढोर आणलं. जलशात समोरचा उलटा सवाल टाकतो. स्टुलावर तो टाकत नाही, म्हणूनच स्टुलावरचा वक्ता ग्रामसभेत मरतो.

आणखी एक बोचणारं. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध केलं. ते भाषण आपण हात जोडून, गळा काढून म्हणतो! भक्तीविरुद्धचं भाषण भक्तीनं घोकणारे आपणच. मोबाईलवर तर त्या भाषणांचे तुकडे करून खाली ढोल वाजवतात. अंगावर काटा येतो, डोक्यात काही जात नाही.

तेव्हा गड्यांनो, पाठांतर करा, पण तिथं थांबू नका. भाषण मोठ्यानं वाचा. मग पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगा. विचारा, इथं मागणी कुठली, पुरावा कुठला, समोर कोण बसलंय? मग एकानं साहेब व्हायचं, एकानं सरपंच, आणि तिसऱ्याला उलटे सवाल टाकून घाम फोडायचा. शेवटी अर्ज लिहायचा आणि पोच घ्यायची. पोच नसेल तर भाषण झालं असं समजू नये.

मी पुन्हा त्या ग्रामसभेत गेलो. बोललो अडखळत, 'न्हाई' आणि 'हाय' करत. हातवारे विसरलो. पण घरांची यादी हातात होती. टाळी एकही पडली नाही. ठराव मात्र वहीत लिहिला गेला, आणि मी उभा राहून तो वाचून घेतला.

नळ अजून आलेला नाही. म्हातारी भेटली की विचारते, "पुढं काय लिव्हलंस?"

माझा परीक्षक तीच.

जयभीम.