मशीन गच्चीवरून खाली



दिवाळीआधी आमचं वॉशिंग मशीन आणि ड्रायर गच्चीवरच्या खोलीतून खाली, स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत आणलं. "बारा वर्षं वर चाललं, आता काय बिघडलं?" असं ह्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर वर ठेवायचा हट्ट माझाच होता. आमच्याकडे चौका लागतो, महाराजांचा आहार होतो, त्याच्या आसपास मळके कपडे नकोत, असा माझा विचार.

तो विचार अर्धाच होता. धुणं संपल्यावर मशीन वाजतं, ते खाली कोणाला ऐकू येणार? पूजा, नाश्ता, मंदिर, यात ओले कपडे ड्रममध्ये दोन-दोन तास पडून राहायचे. गाळलेल्या पाण्याची दोन घडीची, म्हणजे ४८ मिनिटांची मर्यादा आपण काटेकोर पाळतो. मग ओल्या कपड्यांच्या गोळ्याचं काय? मागच्या चातुर्मासात मशीनच्या दाराच्या रबरात काळी बुरशी धरली होती, मीच पुसली. बुरशी म्हणजे अनंतकाय, हे पाठशाळेत शिकलेलं. शुद्धीसाठी वर नेलेल्या मशीनमध्येच मी जीवोत्पत्तीला जागा करून दिली होती. गुडघे आणि जिना हा विषय वेगळाच, तो तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं मत असं झालंय, की मशीन जिथे त्याचा आवाज आपल्या कानावर पडेल तिथेच असावं. काहींना पटणार नाही. पण चौका वेगळा ठेवायला मधलं दार पुरतं, आणि चौक्याचे कपडे मी आजही हातानेच, गाळलेल्या पाण्यात, वेगळ्या बादलीत धुते. ते मशीनमध्ये आधीही जात नव्हते. मग एवढी वर्षं मी नेमकं काय सांभाळत होते?

हलवायचं असेल तर घाई करू नका. समोरून दार असलेलं मशीन साठ-सत्तर किलोचं असतं. नवीन घेताना मागे जे लांब बोल्ट असतात, ते परत लावून ड्रम घट्ट केल्याशिवाय हलवू नये. आमचे भंगारात गेले होते, मेकॅनिकने दुसरे आणले. सांडपाण्याची नळी फार खाली सोडली तर पाणी भरता भरताच वाहून जातं. ड्रायर वीज बरीच ओढतो, त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावायला आमचा वायरमन तयार होता, मीच नाही म्हटलं.

प्लंबर, वायरमन, मेकॅनिक आणि उचलायला दोन माणसं मिळून ६,४०० रुपये गेले. ह्यांनी वहीत "अनावश्यक" असं लिहिलं. मी बी.कॉम. आहे, मी ते खोडून "दुरुस्ती" केलं.

ड्रायर मात्र फक्त पावसाळ्यात लावायचा, असं सूनबाईशी ठरलंय. ऊन असेल त्या दिवशी कपडे अजूनही गच्चीवरच्या दोरीवर जातात. ते तीच नेते.