पुण्यकर्म नव्हे, कसब!

शर्टाचं एक बटण लावायला किती वेळ लागतो? तुम्हाआम्हाला दोन सेकंद. एखाद्या बौद्धिक दिव्यांग मुलाला मात्र तेवढंच शिकायला तीन महिने लागतात, कधी अख्खं वर्ष. त्या वर्षभरात त्याच्या समोर रोज तितक्याच शांतपणे बसणाऱ्या व्यक्तीला विशेष शिक्षिका म्हणतात.

चंडीगडसारख्या शहरात हा बटणाचा धडा आणखीनच मोलाचा. इथला डिसेंबर-जानेवारी म्हणजे दाट धुकं आणि बोचरी थंडी. अंगावर बनियन, शर्ट, स्वेटर, त्यावर कोट आणि डोक्याला कानटोपी. मुंबईतल्या मुलाचं एका टी-शर्टवर भागतं, इथे भागत नाही. कपड्यांचे हे थर स्वतःचे स्वतः काढता-घालता आले नाहीत, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला शौचालयातही कुणाला तरी बरोबर न्यावं लागतं. म्हणजे प्रश्न बटणाचा नसतो, त्या मुलाच्या अब्रूचा असतो.

या शहरात अशा मुलांसाठी बरंच काम चालतं. सेक्टर ३१ मध्ये ‘गव्हर्नमेंट रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूट फॉर इंटलेक्चुअल डिसॅबिलिटीज’ ही सरकारी संस्था आहे. पूर्वी तिच्या नावात मतिमंद या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो गेला आणि त्या जागी बौद्धिक दिव्यांगत्व आलं. सेक्टर २६ मध्ये अंध मुलांची शाळा आहे. जवळच्या चंडीमंदिर छावणीत सैनिकी कुटुंबांतल्या विशेष मुलांसाठी ‘आशा’ शाळा आहे. विशेष शिक्षकांचं प्रशिक्षणही इथे मिळतं.

तरीही या शिक्षिकांना लोकांकडून वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकावं लागतं, ‘‘केवढं पुण्याचं काम करता हो तुम्ही! आम्हाला नाही बुवा जमणार.’’

ऐकायला हे कौतुक वाटतं. पण जरा खोलात जाऊन पाहिलं, तर याच कौतुकाने या पेशाचं मोठं नुकसान केलं आहे.

माया हवीच, पण पुरत नाही

पुण्यकर्म म्हटलं, की त्याला शिक्षण लागत नाही, फक्त मोठं मन लागतं असा समज होतो. प्रत्यक्षात विशेष शिक्षिका होण्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. या परिषदेचा कायदा १९९२ साली झाला. त्यामागचा विचार साधा होता. अर्धवट माहितीवर डॉक्टरने रोग्याला हात लावू नये, तसंच कुणीही केवळ दयेपोटी या मुलांचा शिक्षक होऊ नये.

बटणाचंच उदाहरण घेऊ. बाई आधी त्या एका कृतीचे तुकडे पाडतात. एका हाताने बटण धरणं, दुसऱ्या हाताने काजाची कड धरणं, बटण तिरकं करून काजात सारणं, पलीकडून ते चिमटीत पकडणं आणि ओढून घेणं. मग शिकवायला सुरुवात करतात ती शेवटून! आधीचं सगळं बाई करतात, मुलाने फक्त शेवटचं ओढायचं. यामुळे काय होतं? पहिल्याच दिवशी ‘बटण लागलं’ याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. ते जमलं, की शेवटून दुसरी पायरी. अशा उलट्या क्रमाने मूल सुरुवातीपर्यंत पोहोचतं.

मदतीचीही उतरंड असते. प्रथम मुलाच्या हातावर हात ठेवून करवून घ्यायचं. मग नुसता मनगटाला स्पर्श. मग बोटाने खूण. मग तोंडी सूचना. आणि शेवटी काहीच नाही. मदत कधी द्यायची हे कुठल्याही आईला कळतं. ती कधी काढून घ्यायची, हे कळायला प्रशिक्षण लागतं.

मुलाला काय येतं आणि काय येत नाही, याची सुरुवातीलाच तपासणी होते. चेन्नईत तयार झालेली आणि देशभरातल्या विशेष शाळांनी वापरलेली एक पद्धत आहे. तिच्यात अठरा विभागांत मिळून ३६० कौशल्यं दिली आहेत. जेवणं, कपडे घालणं, बोलणं, पैसे ओळखणं, वेळ समजणं असं सारं त्यात येतं. त्यावरून प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा ठरतो. वर्गात आठ मुलं असली, तर आठ अभ्यासक्रम!

वही फाडणारा मुलगा काय सांगतो?

समजा, एखादा मुलगा रोज वही फाडतो. घरचे म्हणतात हट्टी आहे, शेजारी म्हणतात वेडा आहे. शिक्षिका काय करते? ती टिपून ठेवते. वही फाडण्याआधी काय झालं होतं? फाडल्यानंतर काय झालं? पंधरा दिवसांच्या नोंदी पाहिल्यावर दिसतं, की आकड्यांचा तास सुरू झाला की वही फाटते आणि वही फाटली की त्याला वर्गाबाहेर बसवतात. म्हणजे त्याला हवी असलेली सुटका त्याने मिळवली. बोलता न येणाऱ्या मुलाची ती भाषाच होती. मग बाई त्याला ‘पुरे’ असं सांगणारं चित्राचं कार्ड द्यायला शिकवतात आणि आकड्यांचा तास छोट्या तुकड्यांत वाटून घेतात. वही हळूहळू शाबूत राहू लागते.

यात चमत्कार नाही, निरीक्षण आहे.

आपल्याच मुलांवरचं ऋण

‘या मुलांवर एवढा खर्च आणि वेळ कशाला?’ असा प्रश्न काही जण उघडपणे, तर काही मनातल्या मनात विचारतात. त्यांनी आपल्या नातवंडांच्या बालवाडीत एकदा डोकवावं. तिथले लाकडी ठोकळे, खाचांत बसवायचे आकार, बटणं आणि नाड्या लावलेल्या चौकटी कुठून आल्या?

१८०० साली फ्रान्सच्या जंगलात सापडलेल्या एका मुलाला पॅरिसला आणलं गेलं. त्याला बोलता येत नव्हतं. इतार नावाच्या तरुण डॉक्टरने त्याला काही वर्षं शिकवलं. मुलगा नीट बोलू शकला नाहीच, पण शिकवण्याची एक नवी दृष्टी जन्माला आली. इतारचा शिष्य सेगँ याने ती पुढे नेली. रोममध्ये डॉक्टर मारिया मोंटेसरी यांनी या दोघांचं लिखाण अभ्यासून बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवलं आणि मग तीच साधनं १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीतल्या सर्वसाधारण मुलांसाठी वापरली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार बालशिक्षणात रुजवला. म्हणजे हुशार म्हणवणारी आपली मुलं ज्या साधनांनी शिकली, त्यांचे पहिले विद्यार्थी ही ‘न शिकणारी’ मुलं होती.

मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी घेतलेला पुढाकार आज जय वकील शाळा म्हणून उभा आहे. अशा अनेक शाळांची सुरुवात एखाद्या आईबापाच्या हट्टातून झाली. त्या टिकल्या मात्र शिक्षकांच्या कसबावर.

‘शू’ आणि ‘शी’चा शब्दकोश

सैन्यातल्या नोकरीमुळे सातारा, कोल्हापूर, पुण्याकडची कुटुंबं चंडीगड-चंडीमंदिरकडे बदलून येतात. घरात मराठी, बाहेर पंजाबी आणि हिंदी. ‘पाणी’ म्हटलं तर निभावतं, कारण पंजाबीतही ते पाणीच आहे. पण मोजके दहा-बारा शब्द बोलणाऱ्या मुलाने ‘शू’ किंवा ‘भूर’ म्हटलं, तर नव्या शिक्षिकेला काय कळणार? तिला कळलं नाही, की मूल रडतं, चड्डी ओली होते आणि कागदावर नोंद होते, ‘शौचाची सवय नाही.’ सवय असते, शब्द पोहोचलेला नसतो.

म्हणून जाणती शिक्षिका पहिल्याच भेटीत आईला एक यादी करायला सांगते. मूल कुठला शब्द कशासाठी वापरतं, कुठल्या खुणेने काय मागतं, कशाला घाबरतं. मराठी आईने लिहून दिलेली ही चिठ्ठी पंजाबी शिक्षिकेला एखाद्या जाडजूड अहवालाइतकीच उपयोगी पडते. आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा बदली झाली, की हीच चिठ्ठी, आराखड्याच्या प्रतीसह, पुढच्या गावी न्यायची असते.

थकवतं ते काय?

मुलं थकवतात, यात शंका नाही. उचलावं लागतं, पुसावं लागतं, कधी चावा किंवा ओरखडाही सोसावा लागतो. पण या पेशातल्या माणसाला त्याहून जास्त थकवतं ते वेगळंच.

शाळेत तीन महिने खपून मुलाला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवायचं आणि घरी आजीने मायेपोटी पुन्हा भरवायला सुरुवात करायची. ‘‘मॅडम, हा कधी बरा होणार?’’ असं दर महिन्याला विचारणाऱ्या वडिलांना हा आजार नव्हे, हे पुन्हा एकदा हळुवारपणे सांगायचं. मागच्या जन्मीच्या पापाची गोष्ट सांगून आईला दोषी ठरवणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालायचा. आणि एवढं करून स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नसायची.

इथेच ‘पुण्यकर्म’ या शब्दाची खरी किंमत मोजावी लागते. पुण्य करणाऱ्याने पगार, रजा, कायम नेमणूक यांचं नाव काढायचं नसतं ना! दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ठरावीक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. पण शिकवणारं माणूसच नसेल, तर हक्काचा उपयोग काय? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये याचं उत्तर आकड्यांत दिलं. सर्वसाधारण शाळांतही प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. तरीही मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना पुन्हा बजावावं लागलं, की आधी पदं तर जाहीर करा!

‘नाही’ म्हणण्याचा धडा

या वर्गात एक धडा असा असतो, जो पालकांनाही सुरुवातीला खटकतो. तो म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा. आज्ञाधारक मूल घरच्यांना सोयीचं वाटतं. पण जो सांगेल ते ऐकणारं मूल बाहेरच्या जगात सर्वांत असुरक्षित असतं. म्हणून आपल्या शरीराचे खासगी भाग कोणते, कुणी हात लावला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हे चित्रांनी आणि नाटकांतून पुन्हा पुन्हा शिकवलं जातं.

याची गरज काय, हे चंडीगडला २००९ साली फार कडवटपणे कळलं. सरकारी आश्रयगृहातल्या, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका अनाथ तरुणीवर अत्याचार झाला. ती गरोदर राहिली. गर्भपात करावा असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सज्ञान स्त्रीला बौद्धिक दिव्यांगत्व असलं, तरी तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही.

तिचा विचार करणारे पुष्कळ होते, तिला विचारणं मात्र न्यायालयाने अनिवार्य ठरवलं. विशेष शिक्षिका रोज हेच करते. लाल पेला हवा की निळा, असं विचारून ती मुलाचं उत्तर येईपर्यंत थांबते. निवड करण्याची सवय अशा पेल्यापासूनच लागते.

मग मिळतं काय?

इतर शिक्षकांचे विद्यार्थी डॉक्टर, इंजिनिअर होतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. विशेष शिक्षिकेच्या वाट्याला काय येतं? एखाद्या आईचा सकाळी सकाळी आलेला फोन, ‘‘मॅडम, आज त्याने स्वतःहून चप्पल घातली.’’ सगळे रस्ते सारखे दिसणाऱ्या या आखीव शहरात हरवलेल्या मुलीने पोलिसाला आपल्या सेक्टरचा आणि घराचा नंबर बरोबर सांगणं. लग्नसमारंभात मुलाला पहिल्यांदाच घेऊन आलेलं कुटुंब.

हे यश बाहेरच्याला दिसत नाही. कारण पूर्वी तो मुलगा काय करू शकत नव्हता, हे त्याने पाहिलेलं नसतं. शिक्षिकेच्या नोंदवहीत मात्र तारखांसह सगळं असतं. आणि तिचं सर्वांत मोठं यश तर याहून विचित्र असतं. ज्या दिवशी मुलाला तिची गरज उरत नाही, त्या दिवशी ती जिंकते.

आपल्या ओळखीत अशी एखादी शिक्षिका असेल. पुढच्या वेळी ती भेटली, तर तिला नमस्कार करून ‘केवढं पुण्य’ म्हणू नका. तिने काय शिक्षण घेतलं, ती नेमकं कसं शिकवते, तिची नोकरी कायम आहे का, हे विचारा. तुमच्या मुलांच्या शाळेत पालकसभा असेल, तर ‘आपल्याकडे विशेष शिक्षक आहे का?’ एवढा एकच प्रश्न उभं राहून विचारा. शेजारच्या विशेष मुलाला वाढदिवसाला बोलवा आणि तो आल्यावर त्याच्या कोटाचं बटण लावायला घाईघाईने पुढे होऊ नका.

थोडं थांबा. त्याला ते येत असेल. कुणीतरी वर्षभर खपून शिकवलेलं असेल.