‘आज फवारणी नको’ असे कोणी सांगावे?



भाद्रपदाच्या सुमारास बोदवडच्या आसपास कोणत्याही शिवारात जा. कपाशी कमरेइतकी वाढलेली दिसेल आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसेही दिसतील. ‘आजच का फवारता?’ असे त्यांना विचारले, तर उत्तरे साधारणपणे तीन प्रकारची मिळतात. शेजाऱ्याने फवारले म्हणून. औषधाच्या दुकानदाराने सांगितले म्हणून. किंवा मागच्या फवारणीला पंधरा दिवस झाले म्हणून. अलीकडे यांत चौथ्या उत्तराची भर पडली आहे: मोबाइलवर संदेश आला म्हणून!

हवामानाची मोजमापे घेऊन, त्यांवरून किडीचा व रोगाचा अंदाज बांधून शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्या यंत्रणा आता घरोघरच्या मोबाइलवर आल्या आहेत. हे चौथे उत्तर पहिल्या तिन्हींपेक्षा शास्त्रीय आहे काय? माझे मत असे, की ते शास्त्रीय होऊ शकते, पण एका अटीवर. संदेशामागचे गणित आपल्याला कळले पाहिजे आणि ते शेतातल्या मोजणीशी ताडून पाहता आले पाहिजे. तसे झाले नाही, तर दुकानदाराच्या जागी मोबाइल आला एवढाच फरक पडेल.

किडीचे घड्याळ

हवामानावरून किडीचा अंदाज बांधता येतो तरी कसा? बाहेर थंडी असो की ऊन, आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. कीटकाचे तसे नसते. त्याचे शरीर भोवतालच्या हवेबरोबर तापते आणि निवते. उबेत त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने होतात, अंडे लवकर उबते, अळी लवकर वाढते. थंडीत हेच सारे मंदावते आणि एका विशिष्ट तापमानाखाली वाढ थांबते. म्हणजे कीटकाचे वय दिवसांत मोजण्यापेक्षा त्याला मिळालेल्या उबेत मोजणे अधिक योग्य. वाढीसाठी लागणाऱ्या उबेची अशी रोजच्या रोज बेरीज करण्याची कल्पना रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ साली मांडली.

आपल्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घेऊ. ही कीड काही काल-परवाची नव्हे. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले, तेही गुजरातेतील भडोच भागातल्या कपाशीवर सापडलेल्या किडीवरून. सुमारे १३ अंशांखाली तिची वाढ जवळजवळ थांबते. आता पाटी-पेन्सिल घ्या. एखाद्या दिवशी कमाल तापमान ३४ आणि किमान २२ अंश होते. सरासरी २८. त्यातून १३ वजा केले की उरले १५. त्या दिवशी किडीच्या खात्यावर १५ ‘अंश-दिवस’ जमा झाले. अंड्यापासून पतंग होईपर्यंत समजा ४५० अंश-दिवस लागतात, तर अशा हवेत एक पिढी ३० दिवसांत पुरी होईल. पौषात कमाल २८ आणि किमान १२ अंश असेल, तर रोज ७ च अंश-दिवस जमा होतील आणि त्याच पिढीला ६४ दिवस लागतील. थंडीत हे घड्याळ मंदावते, पण चालूच राहते. म्हणून तर वेचणी संपल्यावर कपाशीची फरदड ठेवू नका, असे कृषी खाते कानीकपाळी ओरडत असते. फरदड म्हणजे या मंद घड्याळाला पुरवलेला खुराक!

साडेतीन दिवसांची किंमत

आता त्या गणितात एक छोटीशी चूक घालून पाहू. तापमापक रोज २ अंश जास्त दाखवतो आहे असे समजा. मग १५ ऐवजी रोज १७ अंश-दिवस जमा होतील आणि पिढी ३० ऐवजी साडेसव्वीस दिवसांत पुरी झाली असे उत्तर येईल. फरक साडेतीन दिवसांचा. तुम्ही म्हणाल, महिन्याच्या हिशोबात साडेतीन दिवस ते काय! पण बोंडअळीचे अंडे चार-पाच दिवसांत उबते आणि बाहेर पडलेली इवलीशी अळी लवकरच पातीत, फुलात किंवा बोंडात शिरते. तिने पाडलेले छिद्र पुढे बुजून जाते. एकदा ती आत गेली, की वरून कितीही औषध शिंपडा, तिला त्याची फारशी झळ पोचत नाही. तिला गाठायला मिळणारा काळच मुळी थोड्या दिवसांचा आहे. साडेतीन दिवसांची चूक म्हणजे फवारणीचे पैसे मातीत.

ही २ अंशांची चूक येईल कोठून? महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. तापमान, आर्द्रता, पाऊस व वारा यांची नोंद ती आपोआप करतात. हे काम निश्चितच मोठे आहे. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात. आपल्याकडचा पाऊस कसा पडतो हे तुम्ही पाहिलेच असेल. रस्त्याच्या एका बाजूचे शेत भिजते आणि दुसरे कोरडे राहते. शिवाय केंद्रातले यंत्र उघड्यावर असते, तर कीड पानांच्या दाटीत असते.

रोगांच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे. निरभ्र रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतात आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. त्यांवर दव साचते. केंद्राच्या नोंदीत हवा संपृक्त झालेली नसते, पण पान मात्र ओले चिंब असते. आणि बुरशीचे बीजाणू रुजायला पानावरचा तो ओलावाच हवा असतो. तापीपलीकडे रावेर-यावलच्या केळीवर येणारा करपा, ज्याला फिजी बेटातील खोऱ्याच्या नावावरून सिगाटोका म्हणतात, तो अशाच ओल्या पानांवर फैलावतो. याच रोगासाठी कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर गान्री व मेयर या संशोधकांनी १९७२ च्या सुमारास हवामानावरून अंदाज देण्याची पद्धत बसवली. तिच्यातले एक साधन म्हणजे पिशे बाष्पनमापक: पाण्याने भरलेली उलटी काचनळी आणि तिच्या तोंडाशी टीपकागदाची चकती! पाणी किती वेगाने उडते यावरून बागेतली हवा पाने वाळू देणारी आहे की नाही हे कळते. साधन साधे होते, पण ते मोजायला हवे ते मोजत होते.

घड्याळ लावून घेणारे डोळे

पुढे-मागे होणारे घड्याळ आपण काय करतो? खात्रीच्या वेळेशी जुळवून घेतो. किडीच्या घड्याळासाठी ही खात्रीची वेळ म्हणजे शेतातली प्रत्यक्ष मोजणी. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांनी हाहाकार केला. त्यानंतर २००९ मध्ये राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्याचा पाया काय होता? ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजणारी माणसे. त्यांच्या नोंदी संगणकावर जात आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोचली असेल तेथे सल्ला निघे. गुलाबी बोंडअळीसाठी ही पातळी अगदी सोपी आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ पतंग, किंवा फुले-बोंडे तपासता १०० पैकी १० किडलेली. हे आकडे मोजायला पदवी लागत नाही.

‘नको’ म्हणण्याचे धैर्य

आता माझा खरा मुद्दा. सल्ला देणारी यंत्रणा दोन प्रकारे चुकू शकते. कीड येणार असताना गप्प राहणे ही पहिली चूक; कीड नसताना ‘फवारा’ म्हणणे ही दुसरी. पहिली चूक झाली तर सारे गाव यंत्रणेला दोष देईल. दुसरी झाली तर कोणाला कळणारही नाही. उलट ‘फवारले म्हणून वाचलो’ असे शेतकरी म्हणेल. साहजिकच यंत्रणेचा कल दुसऱ्या चुकीकडे झुकण्याचा धोका असतो.

‘जास्त फवारले तर बिघडले कुठे?’ असे तुम्हांला वाटेल. बिघडते ते असे. किडींना खाणारे ढालकिडे आणि कोळी मरतात. औषधाला न जुमानणाऱ्या किडी तेवढ्या उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. खर्च वाढतो. आणि सर्वांत गंभीर गोष्ट: २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ व आसपासच्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. टाळता येण्यासारखी प्रत्येक फवारणी टळली पाहिजे, ती यासाठी. म्हणून कोणत्याही सल्ला-यंत्रणेची परीक्षा तिने किती वेळा ‘फवारा’ म्हटले यावर न होता, किती वेळा आधारासह ‘आज नको’ म्हटले यावर व्हावी. प्रत्येक संदेशात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: नोंद कोणत्या केंद्राची, सापळ्यात पतंग किती, आणि मर्यादा किती. याखेरीज आलेला ‘फवारा’ हा सल्ला नव्हे, तो हुकूम झाला.

भारतीय हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो. त्यासाठी २०१९ पासून ‘मेघदूत’ आहे. १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीही सुरू झाली. साधनांचा तुटवडा नाही; तुटवडा आहे तो ताडून पाहणाऱ्यांचा. ते काम तुम्ही करू शकता. शाळेत सावलीत एक कमाल-किमान तापमापक टांगा. शेजारी दोन साधे तापमापक ठेवा, त्यांपैकी एकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळा; दोघांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. कोणाच्या तरी शेतात मोठ्यांच्या परवानगीने कामगंध सापळा लावा. मात्र फवारलेल्या शेतात लगेच पाऊल टाकू नका. अळीने पाकळ्या आतून गुंफलेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी ओळखायला शिका. पीक फुलावर आले की रोजचे अंश-दिवस मांडा आणि मंडळाच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहा. फरक किती पडतो, कोणत्या महिन्यात पडतो, हे एका हंगामात तुमच्या लक्षात येईल.

मग घरी संदेश येईल तेव्हा वडील पंप भरण्याआधी तुमची वही मागतील. वहीत सापळ्याचे तीन आकडे आठाच्या खाली असतील, तर ‘आबा, आज नको’ असे तुम्ही त्यांना आकड्यांनिशी सांगू शकाल.