कालवडीची लस आणि पेशीतला घुसखोर

चांदवडच्या आसपासच्या गावात घर असेल, तर ‘गाय गाभडली’ हे तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. पाचव्या महिन्यानंतर गाभ जातो, घरचे हळहळतात, कुणीतरी उघड्या हातांनीच जार ओढून लांब टाकून येतं. गाभ जाण्याची कारणं अनेक. त्यातलं एक मात्र गोठ्यातून माणसाच्या अंगातही येतं : ब्रुसेल्लोसिस.

माणसाला याने चढ-उताराचा ताप येतो, रात्री घाम फुटतो, सांधे धरतात. टायफॉईड समजून औषधं सुरू होतात, ताप जातो आणि परत येतो. का परत येतो, हे समजायला बारावीचं बायोलॉजी काढावं लागेल.

रक्तातल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, हे आपण पाठ केलंय. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, लयकारिका तिला येऊन मिळते आणि आतला माल पचवला जातो. ब्रुसेला मात्र या पिशवीतल्या आम्लानेच जागा होतो! मग तो स्वतःची प्रथिनं पेशीत सोडतो आणि पिशवी थेट आंतर्द्रव्यजालिकेकडे, म्हणजे पेशीच्या प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्याकडे वळवतो. त्या पिशवीवर कॅल्रेटिक्युलिन, कॅल्नेक्सिन अशी तिथली प्रथिनं दिसायला लागतात. चोराने पोलीस ठाण्यातच खोली घ्यावी, तसं. तिथे तो निवांत वाढतो. म्हणूनच उपचार दोन-दोन अँटिबायोटिक्सचा, साधारण सहा आठवड्यांचा.

मुळात पेशी गिळते तेव्हा आंतर्द्रव्यजालिकेचं काम काय, यावरही भांडण झालंय. गिळायच्या पिशवीचं आवरण तीच पुरवते, असं 2002 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी मांडलं. 2005 मध्ये टोरांटोच्या गटाने ते खोडून काढत बाहेरच्या पेशीपटलाकडे बोट दाखवलं. ब्रुसेला तिथे मुक्काम ठोकतो, याबद्दल मात्र वाद नाही.

आता सरकारी बाजू. सप्टेंबर 2019 मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस या दोन रोगांसाठी 13,343 कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूतची लस पुन्हा पुन्हा टोचतात, त्यामुळे एक फेरी हुकली तरी पुढची असते. ब्रुसेल्लोसिसची लस आयुष्यात एकदाच, तीही गाई-म्हशींच्या मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात. गाभण जनावराला दिली तर गाभच जाऊ शकतो. ते चार महिने गेले की संधी गेली. योजनेची खरी कसोटी मला इथेच वाटते. गावात शिबिर येतं त्या दिवशी कांद्याची काढणी चालू असेल, तर कालवड कोण घेऊन जाणार? शिवाय लस जिवंत जंतूची. सुई चुकून टोचली तर टोचणारालाच आजार होऊ शकतो. त्यामुळे हातमोजे, चष्मा हवेतच. आणि आपल्याकडे माणसांसाठी याची लसच नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं? दूध उकळूनच प्या, जार हातमोजे घालून खोल पुरा. ताप रेंगाळला तर ‘घरी गोठा आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि विचारल्याशिवाय ती कुणी लिहून देत नाही. आणि या रविवारी घरी गेलात की कालवड नक्की किती महिन्यांची झाली, तेवढं विचारा.