मुलांच्या तोंडचे मोठे शब्द

लहान मुलाच्या तोंडून अवघड शब्द बाहेर पडला कीं घरांतील वडील मंडळींस हंसूं येतें. हें हंसणें अलीकडे आम्हांस खटकूं लागलें आहे; कारण एकदां आम्हीही तसेच हंसलों.

आमच्या घरीं पांच वर्षांचा एक बालक आहे. त्यास कोठें तरी 'किंकर्तव्यमूढ' हा शब्द सांपडला. झालें! आंघोळ करतांना, जिना उतरतांना तोच जप. आणि 'मूढ' येतांच एक उडी. पुढें एके सकाळीं, भिंतीवर मांजर व दोहों बाजूंस कुत्रे, असा प्रसंग पाहून तो ओरडला, "मांजर किंकर्तव्यमूढ झालें!" कोशकारासही याहून समर्पक उदाहरण सुचतें ना!

पण त्याच सायंकाळीं पाहुण्यांदेखत तो म्हणाला, "आई, मला दुग्धशर्करायोग दे." सारे खो खो हंसले. बालकानें एकेकाच्या तोंडाकडे पाहिलें, आणि खालीं मान घालून तो एवढेंच म्हणाला, "दूध." तो शब्द त्याच्या तोंडून आम्हीं पुन्हां ऐकला नाहीं.

त्याची चूक ती कोणती? दुग्ध म्हणजे काय, शर्करा म्हणजे काय, हें त्यानें आजीस आधींच विचारून ठेवलें होतें, असें मागाहून कळलें. समासाची फोड बिनचूक होती. रूढ अर्थ तेवढा राहिला होता. वरच्या वर्गांतील आमचे विद्यार्थी समासाचे विग्रह घोकतात खरे, परंतु विग्रह करून कोणी उडी मारल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं!

अशानें मुलें पंडिती मिरवूं लागतील, अशी कित्येक पालकांस भीति वाटते. आम्हांस ती पटत नाहीं. मिरविणें हा प्रौढांचा रोग. मुलास नादाची गोडी असते, अर्थ मागून येतो. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें ६०,००० शब्द आहेत. असा कोश कागद दाबण्यास न ठेवतां मुलास मांडीवर घेऊन उघडावा, ही पालकांस विनंती.

परवां 'मामा चतुर्भुज झाले' असें ऐकून आमच्या बालकानें मामांचे हात मोजले. मामा हंसले नाहींत. त्यांनीं नव्या मामींस शेजारीं बोलाविलें आणि म्हणाले, "आतां मोज."