प्रतीकांचा तक्ता आणि सोन्याचे पुतळे

वर्धा येथील एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या कन्येची इंग्रजीची वही आमच्या पाहण्यांत आली. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या नाटकांतील प्रतीकांचा तींत सुबक तक्ता होता: प्रकाश म्हणजे प्रेम, अंधार म्हणजे द्वेष, तारे म्हणजे दैव. मुलीस सारें तोंडपाठ. नाटक वाचलेंस काय, असें विचारतां ती म्हणाली, “त्याची जरूर पडत नाहीं.” या अध्यापनास आमचा विरोध आहे, आणि तो केवळ रसिकतेच्या नांवानें नव्हे.

हा तक्ता मुळांतच खोटा आहे. या नाटकांत अंधार हा प्रेमिकांचा सोबती आहे. बागेची भिंत ओलांडून आलेल्या रोमिओस तोच लपवितो, आणि उजाडतांच दोघांची ताटातूट होते. रोमिओ चंद्राची शपथ घेऊं लागतो, तेव्हां ज्युलिएटच त्यास अडविते. नित्य कला पालटणाऱ्याची शपथ तिला नको असते. चौदा वर्षेंही पुरीं न झालेली ती मुलगी प्रतीक पारखून टाकून देते, आणि आमच्या मुली तें पारखल्यावांचून पाठ करितात!

त्याहून अनर्थकारक आहे तो ‘तारे म्हणजे दैव’ हा सिद्धांत. नाटकाच्या प्रास्ताविकांत ग्रहताऱ्यांस दोष दिला आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मांटुआस जाणारें पत्र अडलें तें प्लेगच्या संशयावरून निरोप्यास घरांत कोंडल्यामुळें. साथीस दैव म्हणा हवें तर. पण दोन जीव एका चोरट्या पत्रावर टांगले कोणीं? विवाह लपवावा लागला तो घराण्यांच्या वैरामुळें, आणि दुसऱ्या वरास नकार देणाऱ्या मुलीस घराबाहेर काढण्याची धमकी दिली ती जन्मदात्यानें. ताऱ्यांकडे बोट दाखविलें कीं वडीलधारी मंडळी निर्दोष सुटतात.

ज्याचा अर्थ खरोखर शोधावा, तें सोनें मात्र त्या तक्त्यांत नव्हतें. दरिद्री औषधविक्याकडून विष घेतांना रोमिओ त्यास सोनें देतो व बजावतो कीं, या दोहोंत अधिक जहरी सोनेंच. पुढें दोन्ही पिते एकमेकांच्या मृत अपत्याचे पुतळे उभारूं म्हणतात, ते कशाचे? सोन्याचे! हा पश्चात्ताप कीं जुनीच चढाओढ, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढें कोणी ठेवीत नाहीं.

व्हेरोनांतील घराणीं निदान तोलामोलाचीं होतीं. आमच्याकडे आडनांवापाठोपाठ जात विचारली जाते, आणि जातीबाहेर लग्न केलेल्या मुलांचे मुडदे आजही पडतात. तेथेंही ‘नशीब’ म्हणून हात झटकणारे भेटतातच. उलट याच जिल्ह्यांतील सेवाग्राम आश्रमांत १९४८ च्या मार्चमध्यें आंध्रांतील नास्तिक समाजसुधारक गोरा यांच्या कन्येचा विवाह एका हरिजन तरुणाशीं झाला. गांधीजींच्या संमतीनें तो ठरला होता. त्यांच्या हत्येनंतरही तो पार पडला. तारे तेच होते. वडील मंडळी निराळी होती.

परीक्षेस तक्ताच उपयोगी पडतो, असें कांहीं शिक्षकबंधु म्हणतील. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यांतच भरलेल्या शिक्षणपरिषदेनें कोरड्या पुस्तकी शिक्षणास पर्याय म्हणून हस्तोद्योगांतून शिक्षणाचा मार्ग पुढें केला. त्याच गांवीं पुस्तकही बाजूस सारून त्याचा नुसता तक्ता घोकावा, याचें आम्हांस नवल वाटतें. १८८२ सालींच नारायण बापूजी कानिटकरांनीं हें नाटक मराठी वेषांत आणलें. तें आपणांस परकें नाहीं. दोन-तीन संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं मिळून मोठ्यानें वाचलें तर तें सहज पुरें होतें.

आमची पालकांस विनंति एवढीच आहे कीं, त्या वाचनास त्यांनीं स्वतः बसावें. शेवटच्या प्रवेशानंतर मुलीनें विचारलें कीं, “बाबा, यांत चूक कोणाची?”, तर उत्तर देतांना आकाशाकडे पाहूं नये.